हुलगा आणि रक्तगट

१/ कोकणात कुळीथ, देशावर हुलगा. पिठले, माडगे, शेंगोळे यांपलीकडे या साध्या कडधान्याची आणखी एक ओळख आहे: रक्तगट-प्रयोगशाळांत त्याचा अर्क तपासणीसाठी वापरला जातो. या इतिहासातील एक मोलाचे पान पुण्यात लिहिले गेले.

२/ आरंभ १८८८ चा. डोरपाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथे हेरमान श्टिलमार्क एरंडाच्या बियांतील विषाचा अभ्यास करीत होते. अर्क रक्तात मिसळताच तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, असे त्यांना आढळले.

३/ पुढे १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले. १९११ मध्ये फॉन डुंगेर्न व हिर्शफेल्ड यांनी ‘ए’ गटातही भेद असल्याचे मांडले. तेच आजचे ए१ आणि ए२.

४/ हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. ए२ गटाच्या काही व्यक्तींच्या रक्तद्रवात ए१ पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे रक्तगट ठरविताना घोटाळा होतो. दोन्ही उपगट ओळखण्यासाठी पूर्वी ‘बी’ गटाच्या माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यातील नको ती प्रतिपिंडे ए२ पेशींकरवी शोषून काढावी लागत. काम किचकट, आणि कच्चा माल मानवी रक्त!

५/ १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॉइड आणि फिनलंडमध्ये रेन्कोनेन यांनी दाखविले, की काही बियांचे अर्क विशिष्ट रक्तगटाच्याच पेशींचे पुंजके करतात. जणू बीज रक्त ‘निवडते’.

६/ १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये हुलग्याचा हा गुण नोंदविला. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजशी त्यांचे काम निगडित होते. योग्य प्रमाणात विरल केलेला हुलग्याचा अर्क ए१ पेशींचे पुंजके करतो, ए२ पेशींना मात्र सोडून देतो.

७/ असे का? हुलग्यातील प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट शर्करेला चिकटते. ए१ पेशींवर ती विपुल, ए२ वर विरळ. विरल अर्काला विरळ शर्करा पुरत नाही.

८/ १९५४ मध्ये बॉइड व शेप्ली यांनी अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘निवडणे’ हा अर्थ आहे.

९/ आपल्याकडेही हुलगे सुपात घेऊन निवडले जातात. प्रयोगशाळेत मात्र तेच हुलगे रक्त निवडतात.