मंजूर न झालेल्या विधेयकांचे मोल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राजकीय चरित्राची एक ठरीव मांडणी आपल्याकडे रूढ आहे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार आणि मग थेट राज्यघटना. १९२७ ते १९३९ या काळात ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होते, याचा उल्लेख होतो आणि लेखक पुढे सरकतो. हा कालखंड दुय्यम ठरवणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून ती आधी नीट मांडली पाहिजे.

पूर्वपक्षाचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले, फळाचे. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये आणले, १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ मध्ये आणले, ते पुढे सरकलेच नाही. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला, तरी ते मंजूर झाले. दुसरे म्हणणे पक्षाचे. १९३६ मध्ये स्थापलेला स्वतंत्र मजूर पक्ष नावाने कामगारांचा, प्रत्यक्षात एका जातीचा होता आणि १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले तेव्हा ते उघड झाले. तिसरे म्हणणे वृत्तीचे. १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात शिकवणारा आणि १९३५ ते १९३८ या काळात त्याचे प्राचार्यपद सांभाळणारा हा माणूस सभागृहातही कायद्याचा तासच घेत राहिला. तिथे कौल संख्येने लागतो, युक्तिवादाने नाही. त्यांची खरी जागा राज्यघटनेच्या मसुदा समितीत होती, ती त्यांना १९४७ मध्ये मिळाली.

यातले दुसरे म्हणणे सर्वांत दुबळे आहे, त्याचा निकाल आधी लावू. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्यांत राखीव जागांवरचे होते, तसे सर्वसाधारण जागांवर निवडून आलेले अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हेही होते. स्वतः बाबासाहेब मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना हरवून आले. पी. बाळूही अस्पृश्य समाजातलेच. म्हणजे त्या मतदारसंघातली लढत जातींची नव्हती, भूमिकांची होती. आणि खोतीविरोधी विधेयकाचा लाभ कोणाला होणार होता? कोकणातल्या कुणबी, आगरी आणि महार कुळांना. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा जो संप चालला, त्याला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले, तेव्हा त्यात एकच जात चालत नव्हती. १९४२ मध्ये पक्ष बदलला हे खरे. पण त्याच वर्षी आलेल्या क्रिप्स योजनेत वाटाघाटीला जागा होती ती समाजगटांना. कामगारांच्या पक्षाला त्या मेजावर स्थानच नव्हते. बदललेल्या परिस्थितीत घेतलेल्या निर्णयावरून आधीची भूमिका खोटी ठरवणे न्यायाचे नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिले आणि तिसरे म्हणणे एकमेकांत गुंतलेले आहे: विधेयके पडली, कारण आणणारा प्राध्यापक होता. माझे म्हणणे नेमके उलट आहे. वतन, खोती आणि औद्योगिक कलह ही तीन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तर त्यांत एकच कायदेशीर प्रश्न दिसतो, आणि तो कायद्याच्या अभ्यासकालाच दिसू शकत होता. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवण्याचा अधिकार कायदा कोणाला देऊ शकतो का?

वतनाचे प्रकरण पाहा. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराने गावाची आणि सरकारची कामे करायची. निरोप पोचवायचे, अंमलदारांच्या दिमतीला राहायचे, हाक येईल त्या वेळी हजर व्हायचे. बोलावणे एकाला असले तरी बांधील सगळे कुटुंब. मोबदला काय, तर इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. त्या इनामावरही सरकार जुडी नावाचा सारा वसूल करी. समाजसुधारकाला यात अन्याय दिसतो. बाबासाहेबांना त्यापलीकडचा घोटाळा दिसला: ही नोकरी म्हणावी तर तिला ठरलेला पगार आणि ठरलेले तास नाहीत, ती सोडण्याची मोकळीक नाही, मालकी म्हणावी तर जमिनीवर निर्वेध हक्क नाही. विधेयकाने दोन वाटा मोकळ्या केल्या. पूर्ण शेतसारा भरायला जो तयार असेल त्याने जमीन राखून सेवेतून सुटावे. जो सेवेत राहील त्याचे बलुते रोख रकमेत बदलून सरकारने वसूल करावे आणि त्याला द्यावे. जन्माने चिकटलेले काम करारात आणण्याची ही योजना होती.

खोतीत हाच प्रश्न जमिनीच्या अंगाने येतो. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा. १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना चौकट दिली, पण कुळाचे जगणे त्याच्या हातातच राहिले. बाबासाहेबांच्या विधेयकात खोताला नुकसानभरपाई होती आणि कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडलेला होता. भरपाईची तरतूद पाहिली तरी हे सभा गाजवण्यासाठी लिहिलेले कागद नव्हते, हे पटावे.

तिसरे प्रकरण १९३८ चे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाचे औद्योगिक कलह विधेयक ठरावीक परिस्थितीत संपाला बेकायदा ठरवून कामगाराला शिक्षा देणारे होते. सप्टेंबरातल्या भाषणात बाबासाहेबांनी मांडलेला युक्तिवाद प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवावा असा आहे. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग. करारभंगासाठी दिवाणी कायदा नुकसानभरपाई देतो. तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेने अगदी मोजके अपवाद सोडले तर करारभंगाला गुन्हा मानलेले नव्हते. हे कायदा करणाऱ्यांच्या विसराळूपणाने झालेले नव्हते. माणसाला मनाविरुद्ध नोकरीत ठेवणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हे ओळखूनच ती मर्यादा घातलेली होती. म्हणून संपाला फौजदारी शिक्षा लावणे हे गुलामगिरीच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी संघटना यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्या साम्यवाद्यांशी बाबासाहेबांचे तीव्र मतभेद होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावणे त्यांना शक्य झाले, कारण तत्त्व इतके स्वच्छ मांडलेले होते.

तेव्हा प्राध्यापकी हे या राजकारणाचे वैगुण्य नव्हते, तो त्याचा कणा होता. आणि फळाचे म्हणाल, तर विरोधी बाकावरच्या सभासदाचे फळ त्याच अधिवेशनात मोजणे ही मोजमापाचीच चूक आहे. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. गिरणीतल्या स्त्रियांना प्रसूतिकाळात वेतन मिळावे, याची बाजू त्यांनी १९२८ मध्ये कौन्सिलात मांडली आणि तो कायदा पुढच्याच वर्षी झाला. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, पुणे करारावरची शाई वाळते न वाळते तोच, ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना पंचायतीत हमखास प्रतिनिधित्व मागितले. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीतल्या राखीव जागा राज्यघटनेतच आल्या. हे सारे एकट्या बाबासाहेबांमुळे घडले असे मी म्हणत नाही. त्यामागे शेतकऱ्यांचे लढे, इतर पक्ष, बदललेला काळ हे सगळे आहे. पण प्रश्नाला विधेयकाचे रूप कसे द्यायचे, हे मुंबईच्या सभागृहात आधी कोणी तरी लिहून ठेवले होते.

राज्यघटनेचे कलम २३ या प्रकाशात वाचावे. त्याचा पहिला भाग वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी निषिद्ध ठरवतो. दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्याला देतो, पण त्या सेवेत धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे बजावतो. हे कलम अनेकांच्या विचारातून घडले. तरीही दुसऱ्या भागातली जातीची अट महार वतनाला किती नेमकी लागू पडते ते पाहा: वतन म्हणजे सार्वजनिक कामाच्या नावाखाली एका जातीकडून घेतलेली सक्तीची सेवाच होती. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणेही सक्तीच्या मजुरीतच मोडते, असे ठरवले. भुकेपोटी दिलेली संमती खरी संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार आहे.

मसुदा समितीत बाबासाहेबांबरोबर कन्हैयालाल मुनशी बसले होते. १९३८ मध्ये ते खेर मंत्रिमंडळात गृहमंत्री होते, म्हणजे समोरच्या बाकावर. घटनेतल्या श्रम आणि स्वातंत्र्याविषयीच्या विचारांची एक तालीम मुंबईत आधीच झालेली होती. ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत. ती वाचल्याशिवाय त्यांना केवळ घटनाकार म्हणून गौरवणे म्हणजे निकाल वाचून खटला न पाहणे होय. राज्यघटना ही त्यांच्या प्रांतिक राजकारणातल्या अपयशाची भरपाई नाही; बारा वर्षे अल्पमतात राहून त्यांनी जो कायदा मागितला, त्याचा बराचसा भाग पुढे देशाने मान्य केला. म्हणून त्यांच्या घटनाकार्याचा आरंभ १९४७ मध्ये न धरता १९२७ मध्ये धरला पाहिजे.