पाटल्यांचे वजन

माझी थोरली आत्या आदिलाबादेत एका कौलारू घरात एकटी राहत असे. 1996 च्या उन्हाळ्यात, गल्ली सामसूम असताना भरदुपारी दोन तरुण तिच्या दारी आले. भांडी उजळण्याच्या पावडरीची जाहिरात करतो, पैसे नकोत, असे म्हणाले. त्यांनी आधी पितळेचा तांब्या लख्ख करून दाखविला, मग चांदीची जोडवी. "माय, पाटल्याही काळवंडल्यात," असे म्हणत त्यांनी त्या उतरवून घेतल्या. एकाने प्यायला पाणी मागितले. आत्या माजघरात जाऊन परत येते तो पाटल्या कसल्याशा पाण्यातून निघून हळदीच्या डब्यात गेलेल्या. "अर्ध्या तासाने उघडा," असे सांगून दोघे निघून गेले.

डब्यात पाटल्या होत्या, म्हणून आत्या निश्चिंत राहिली. दोन महिन्यांनी सराफाने तराजू धरला तेव्हा चार तोळ्यांच्या पाटल्या सव्वातीन तोळेही भरेनात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाला आपण शाळेत अम्लराज म्हणून शिकवतो. त्यात सोने विरघळते आणि पुढे त्या द्रावातून ते परत काढता येते. चोरांनी पाटल्या नेल्या नव्हत्या, पाटल्यांचे वजन नेले होते.

त्या दिवशी मी आत्याला जे बोललो ते आजही मला टोचते. "इतकी शहाणीसुरती तू, तुला कळले कसे नाही?" ती काही बोलली नाही. ठाण्यावर चल म्हटले तर म्हणाली, "तिथे तेलुगूत लिहावं लागेल. आणि लोक हसतील." तक्रार झालीच नाही. पुढे मात्र ती दुधवाल्यालाही फटीतूनच भांडे देऊ लागली. पाऊण तोळ्याचे दुःख ओसरले असते. दार बंद झाले ते कायमचे.

मी इतिहासाचा एम.ए. कौटिल्याचे अर्थशास्त्र परीक्षेपुरते वाचलेले. सप्तांग आणि मंडलसिद्धांत तोंडपाठ. पुढे एका सुट्टीत ग्रंथ पुन्हा हाती घेतला आणि दुसऱ्या अधिकरणाच्या चौदाव्या अध्यायापाशी थबकलो. म्हैसूरच्या ग्रंथालयात 1905 मध्ये शामशास्त्री यांच्या हाती आलेला आणि 1909 मध्ये छापला गेलेला हा ग्रंथ. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; तरी सुमारे दोन हजार वर्षांचा धरावयास हरकत नाही.

ह्या अध्यायात राजाच्या सोनाराचे नियम आहेत. जुने दागिने दुरुस्त करताना सोने चोरण्याचे चार मार्ग ग्रंथकार नावानिशी देतो : परिकुट्टन म्हणजे ठोकून काढणे, अवच्छेदन म्हणजे कापून घेणे, उल्लेखन म्हणजे खरवडणे आणि परिमर्दन म्हणजे घासणे. हरताळ, मनशीळ किंवा हिंगूळ यांची पूड फडक्याला लावून दागिना घासावयाचा, की सोने फडक्याबरोबर येते. वाचकहो, पावडर तेव्हाही होतीच!

त्याहून नवल पुढे आहे. सोनार काम करीत असता कशाकशावर नजर ठेवावी, याची एक यादीच त्याने दिली आहे. हाताची चलाखी, वजने, शेगडी, वस्त्र, मांडी, पाण्याचे भांडे, इतकेच नव्हे तर माशी आणि स्वतःच्या अंगाकडे पाहणेसुद्धा! माशी हाकण्याच्या निमित्ताने हात हलतो, समोरच्याचे डोळे क्षणभर ढळतात आणि तेवढ्यात काम होते. आत्याकडे मागितलेले पाणी ही त्या माशीचीच पणती. आज पोलीस ज्याला लक्ष विचलित करून केलेली चोरी म्हणतात, तिची इतकी जुनी आणि इतकी नेमकी नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

ह्या नियमांचे धोरण ध्यानात घेण्याजोगे आहे. राजकोषातील जाणत्या अधिकाऱ्यांचे डोळेही चुकतात, असे ग्रंथकार गृहीत धरतो. म्हणून तो फसणाऱ्याला मूर्ख ठरवीत बसत नाही, व्यवस्था लावतो. चौथ्या अधिकरणाचे नावच कंटकशोधन, म्हणजे काटे काढणे. संशयास्पद माणसाकडून न कळविता सोने-चांदी घेणाऱ्या सोनाराला 12 पण दंड, मोडून रूप बदललेले घेतल्यास 24, आणि चोराकडूनच घेतल्यास 48. चोरीचा माल खपतो म्हणून चोरी होते, हे त्याने ओळखले होते. नगरात दहा, वीस किंवा चाळीस घरांमागे एक गोप नेमून त्या घरांतील माणसांची नोंद ठेवावी, अशीही तरतूद आहे.

पण इतिहास दुसऱ्या बाजूनेही इशारा देतो. ठगांची कथा आपण जाणतोच. वाटेत प्रवाशाची ओळख काढावयाची, चार दिवस सोबत करावयाची आणि विश्वास बसला की घात. स्लीमनने 1836 मध्ये त्यांच्या भाषेचा कोश छापला. आपल्या निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलरने 1839 मध्ये त्यांच्यावर कादंबरी लिहिली. त्या वर्णनांत अतिशयोक्ती किती, हा वाद आजही चालू आहे. परिणाम मात्र भयंकर झाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे जमातीच्या जमाती जन्मानेच चोर ठरविल्या. तो कलंक कायद्याने पुसला जाण्यास 1952 साल उजाडले, लोकांच्या मनातून तर अजून गेलेला नाही. दारावर येणारा कल्हईवाला, जात्याला टाकी लावणारा पाथरवट, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, ही सारी प्रामाणिक कष्टाची माणसे. माणसाची जात पाहून संशय घेणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही. आत्याकडे आलेल्या त्या दोघांचे कपडे इस्त्रीचे होते!

मग पाहावे काय? तऱ्हा पाहावी. फुकट काम, भलती घाई, अंगावरचा दागिना उतरविण्याचा आग्रह आणि "हे कोणाला सांगू नका" ही ताकीद. "आम्ही पोलीस आहोत, पुढे दंगल झाली आहे, दागिने रुमालात बांधून ठेवा," असे रस्त्यात सांगणारे तोतयेही याच तऱ्हेचे. खरा पोलीस कोणाचे दागिने रुमालात बांधून देत नाही. आता तर उंबरठा ओलांडण्याचीही गरज उरलेली नाही; फोनवरच 'डिजिटल अरेस्ट' करून वृद्धांची आयुष्याची पुंजी नेतात. तशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. 1860 च्या दंडविधानातील चारशेवीस हा आकडा आपल्या भाषेत शिवी होऊन बसला. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ने घेतली. आकडा बदलला, धंदा तोच आहे.

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. त्याखालील नमुना नियमांनुसार ठाण्याने हद्दीतील एकट्या वृद्धांची यादी ठेवावयाची असते आणि महिन्यातून एकदा तरी पोलिसाने स्वयंसेवकाला घेऊन त्यांच्याकडे जावयाचे असते. आपल्या गल्लीतील नावे त्या यादीत आहेत का, हे विचारण्याचे काम आपले. 112 हा पोलिसांचा आणि 1930 हा फोनवरच्या फसवणुकीसाठीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि तेलुगूत, म्हाताऱ्या माणसांच्या फोनशेजारी चिकटवावा. आमच्या शाळेतील नववीची मुले दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी हे काम करतात. पैनगंगेच्या अलीकडे दोन्ही भाषा लिहू शकणारी मुले घरोघर आहेत. कोणा आजीची तक्रार भाषेपायी अडता कामा नये.

सर्वांत मोठे काम मात्र घरातले आहे. फसलेल्या माणसाला पहिला प्रश्न "कळले कसे नाही?" हा विचारू नये. त्या प्रश्नाच्या भीतीनेच वृद्ध गप्प बसतात, आणि ते गप्प बसले की चोर निर्धास्तपणे पुढच्या गल्लीत शिरतो.

त्या अध्यायाची गोष्ट मी आत्याला सांगितली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. राजाच्या कोठारातही असेच होत असे आणि त्याचे नियम शास्त्रात लिहून ठेवले आहेत, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी एकटीच नव्हते तर." हे तिला त्याच दिवशी, सराफाच्या दुकानातून परतताना, सांगता आले असते.