शनवार तेली

आमच्या कुंभिवलीच्या घरात गोडं तेल आलं की आजी हमखास तिच्या माहेरची, पेणची आठवण काढायची. तिकडे तेल शनवार तेल्यांकडचं असायचं म्हणे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून हे नाव. मला लहानपणी वाटायचं, असेल एखादी पोटजात! ते बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे आपले कोकणातले ज्यू, हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर... आडनावं सगळी इकडच्याच गावांची.

१९४८ साली इस्रायल झालं. १९५० च्या कायद्याने जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे जाऊन राहायचा हक्क मिळाला आणि आपल्याकडची, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, मुंबईतली कुटुंबं निघाली. इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं. ती गेली श्रद्धेने आणि थोडी बऱ्या दिवसांच्या आशेने.

तिथे गेल्यावर भेदभाव होतो म्हणून १९५१ मध्ये काही जणांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा! १९५२ मध्ये ते खरंच परत आले. (त्यातले बरेच पुढे पुन्हा तिकडेच गेले. मन कुठेच लागेना, दुसरं काय!)

पण खरा घाव १९६२ चा. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींच्या, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या हातात. मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याचं कूळ जमेल तितकं मागे जाऊन तपासा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळून आपली ओळख जपली, त्यांनाच विचारणं, की तुम्ही खरे ज्यू कशावरून? लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेची खास बैठक भरली, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर झालं आणि फर्मानातून त्यांचं नाव वगळलं गेलं.

म्हणजे बघा, देशात येऊ देणं वेगळं आणि बरोबरीचं मानणं वेगळं. पहिलं एका कायद्याने झालं. दुसऱ्यासाठी भांडावं लागलं. १८ डिसेंबर १९९० ला संयुक्त राष्ट्रसंघाने स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार केला, त्यातही हाच भेद सांधायचा प्रयत्न आहे. भारत काही त्यात सामील झालेला नाही.

असो. लांबचं कशाला? गेल्या महिन्यात आमच्या मागच्या खोलीत ओडिशाचा एक मुलगा भाड्याने आला. इथल्याच कारखान्यात कामाला आहे. आधार कार्ड, कंपनीचं पत्र, सगळं त्याने न मागता पुढे केलं. ते बघून झाल्यावरही मी विचारलंच, "कौन लोग हो तुम?"

तो जरा थांबला, मग खाली बघत जात सांगितली.

आणि रब्बींचं ते फर्मान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी केवढा चिडलो होतो!