काळ्याला काळी : ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडणीचा इतिहास

वीजबिलावर ग्राहकाच्या नावाखाली ‘मंजूर भार’ अशी एक ओळ असते. शहरात ती सहसा कोणी वाचत नाही. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात मात्र तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कागदोपत्री तीन अश्वशक्तीची मोटार, विहिरीवर प्रत्यक्षात पाचची. एकाच रोहित्रावर अशा मोटारी वाढत गेल्या की एके दिवशी ‘डीपी जळाली’ ही बातमी गावभर होते, आणि तीही नेमकी उसाला पाणी द्यायच्या दिवसांत.

संगणकाच्या पेटीतही असाच मंजूर भार असतो. ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसते, त्या खाचेतून त्याला किती वीज घेता येईल हे ठरलेले आहे. ती पुरत नाही म्हणून कार्डाच्या कडेला वेगळी केबल जोडावी लागते. या केबलीच्या टोकाला असलेल्या प्लगचा आकार आज जसा आहे तसा का झाला, त्याचा हा थ्रेड.

आरंभ 1981 चा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा ‘पीसी’ बाजारात आला, तेव्हा त्याची वीजपेटी, आपल्याकडच्या दुकानांच्या भाषेत एसएमपीएस, अवघ्या 63.5 वॅटची होती. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज, आणि तेवढ्यात सगळा संगणक. पडद्यावर अक्षरे उमटवणारे कार्ड आपली वीज मुकाट्याने खाचेतूनच घेत असे. वेगळ्या तारेची कल्पनाही कोणाला शिवली नव्हती.

धोका होता तो दुसरीकडे. एसएमपीएसमधून मदरबोर्डाकडे जाणारे दोन प्लग होते, पी-8 आणि पी-9. दोन्ही सहा-सहा पिनांचे, दिसायला जुळे, शेजारीशेजारी बसणारे. डाव्याच्या जागी उजवा बसवला तरी तो बसे. आणि मग बटण दाबताच भलत्या पिनेवर भलता दाब जाऊन मदरबोर्ड जळे. बचावाचा उपाय एकच : दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळ्याला काळी. सुटे भाग आणून संगणक जुळवून देण्याचा व्यवसाय भारतात वाढला त्या काळात हाच या कामाचा पहिला धडा होता. एखाद्या यंत्राची सुरक्षितता माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडून द्यायची, हा त्या रचनेचा मूळ दोष. इंटेलने 1995 मध्ये ‘एटीएक्स’ रचना आणली, तेव्हा दोन प्लगांचा एकच वीस पिनांचा प्लग झाला आणि त्याच्या काही पिनांची घरे चौकोनी, काहींचे कोपरे घासलेले ठेवले गेले. उलटा तो बसतच नाही. नियम माणसाच्या डोक्यातून प्लास्टिकच्या साच्यात गेला.

त्यानंतर कार्डांची भूक वाढू लागली. त्रिमितीय खेळांसाठी 1997 च्या सुमारास एजीपी नावाची खास खाच आली, पण तिचाही भार लवकरच अपुरा पडला. ‘थ्रीडीएफएक्स’ या कंपनीच्या 2000 सालच्या ‘व्हूडू 5 5500’ या कार्डावर दोन चिपा होत्या. त्यांच्यासाठी हार्ड डिस्कला वीज देणारा चार पिनांचा प्लग, ज्याला सगळे ‘मोलेक्स’ म्हणतात, सरळ कार्डाला जोडावा लागे. त्याच मालिकेतील चार चिपांच्या ‘6000’ साठी तर भिंतीतील सॉकेटमधून येणारा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर योजला होता. ते कार्ड विक्रीला आलेच नाही. त्याच वर्षाअखेरीस कंपनीने आपली मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकायला काढली. पुढे 2002 मध्ये एटीआयच्या ‘रेडिऑन 9700 प्रो’ने फ्लॉपी ड्राइव्हचा चिमुकला प्लग वापरला, आणि 2004 च्या ‘जीफोर्स 6800 अल्ट्रा’ला दोन-दोन मोलेक्स लागले. हा उसनवारीचा काळ होता : डिस्कसाठी ओढलेली तार कार्डाने वापरायची. शेजारच्या आकड्यावर आपली मोटार चालवण्यासारखेच ते.

उसनवारी संपवली ती पीसीआय एक्स्प्रेसने. या नव्या खाचेचा मंजूर भार 75 वॅट ठरला. त्याहून अधिक हवे तर एसएमपीएसमधून खास कार्डासाठीच निघालेली तार : सहा पिनांचा प्लग आणखी 75 वॅटचा, पुढे आलेला आठ पिनांचा 150 वॅटचा. या आठ पिनांच्या प्लगची ताकद त्याच्या सुस्त हिशेबात आहे. 12 व्होल्टवर 150 वॅट म्हणजे साडेबारा अँपियर, आणि ते वाहून नेणाऱ्या पिना तीन. प्रत्येकीवर जेमतेम सव्वाचार अँपियर. पिनेची कुवत त्याहून बरीच जास्त. म्हणूनच एखादी पिन सैल बसली तरी वर्षानुवर्षे काही बिघडत नसे.

एक जुना धोका मात्र येथेही राहिला. प्रोसेसरला वीज देणारा प्लगही आठच पिनांचा असतो आणि त्यात पिवळ्या-काळ्या तारांच्या बाजू नेमक्या उलट असतात. खाचांचे कोपरे वेगळे असल्याने तो कार्डात सहज जात नाही. जोर लावणाऱ्या हातांची गोष्ट निराळी.

मंजूर भार ओलांडण्याचे प्रसंगही नोंदले गेले आहेत, आणि त्यातला 2016 चा प्रसंग बोलका आहे. एएमडीच्या ‘आरएक्स 480’ला खाच आणि सहा पिनांचा एक प्लग मिळून 150 वॅटची परवानगी होती. कार्ड बाजारात आल्यावर परीक्षकांनी मोजमाप केले, तेव्हा ते खाचेतूनच 75 वॅटहून अधिक ओढत असल्याचे दिसले. खाच मदरबोर्डाची, जळले असते तर तेच जळले असते. कंपनीने जुलै महिन्यात सॉफ्टवेअर सुधारून तो भार प्लगकडे वळवला. मोजले म्हणून सापडले.

मोजणे हा शब्द श्रीरामपूरकडे परत आणतो. ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना 1969 ची. त्या सुमारास देशात प्रायोगिक म्हणून ज्या मोजक्या ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत मुळा-प्रवरा ही एक. दोन नद्यांची नावे लावणारी ही संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि आपल्या टापूतील गावांना वाटे. घेतलेली वीज मोजून मिळत होती. शेतीपंपांना दिलेली मात्र, महाराष्ट्रभर रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे, बरीचशी अश्वशक्तीच्या हिशेबाने आकारली जात होती. पंप खरोखर किती ओढतो हे तारेला ठाऊक, कागदाला नाही. थकबाकी साचत गेली, वाद नियामक आयोगाकडे आणि न्यायालयात गेले, आणि 2011 च्या आरंभी वितरण महावितरणकडे आले. अपयशाची कारणे अनेक होती, राजकारणही होते. पण देणाऱ्याला खरा भार कळत नसणे हे त्यातले साधे, तांत्रिक कारण विसरले जाते.

ग्राफिक्स कार्डाच्या जगाने 2022 मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. नव्या सोळा पिनांच्या प्लगमध्ये बारा पिना विजेच्या आणि चार बारीक पिना निव्वळ निरोपाच्या आहेत. त्या कशा जोडल्या आहेत यावरून कार्डाला कळते, की या केबलीतून 150 वॅट मंजूर आहेत, 300, 450, की पुरते 600. कल्पना उत्तम होती. हिशेब मात्र फार काटेकोर झाला. 12 व्होल्टवर 600 वॅट म्हणजे 50 अँपियर. वाहून नेणाऱ्या पिना सहा. प्रत्येकीवर सव्वाआठ अँपियरहून किंचित अधिक. पिनेची कुवत साडेनऊची.

विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटारीच्या एका फेजमधून साधारण सात-आठ अँपियर वाहतात. त्यासाठी केबल किती जाड आणि स्टार्टरमधील संपर्क केवढे असतात, हे शेतकऱ्याला माहीत आहे. तेवढाच प्रवाह येथे काडीएवढ्या पिनेतून जातो. सांध्यात निर्माण होणारी उष्णता दाबावर नव्हे, प्रवाहाच्या वर्गावर आणि सांध्याच्या रोधावर अवलंबून असते. त्यामुळे ‘बाराच तर व्होल्ट आहेत’ ही समजूत फसवी ठरते.

ऑक्टोबर 2022 मध्ये 450 वॅटचे ‘आरटीएक्स 4090’ आले आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांची छायाचित्रे फिरू लागली. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितले की प्रकरणे सुमारे पन्नास आहेत आणि त्यांत वारंवार दिसणारे कारण म्हणजे प्लग पूर्ण आत न बसणे. हे स्पष्टीकरण खोटे नव्हते, पण अपुरे होते. सैल सांध्याने रोध वाढतो हे खरे. पण आठ पिनांच्या प्लगने तीच हयगय इतकी वर्षे पोटात घातली होती. पुढच्याच वर्षी प्लगच्या सुधारित आवृत्तीत निरोपाच्या चार पिना आखूड आणि विजेच्या पिना किंचित लांब केल्या गेल्या. आता प्लग अर्धवट बसला तर निरोपाच्या पिना पोहोचतच नाहीत, आणि कार्डाला भार मंजूर होत नाही. नियम पुन्हा एकदा साच्यात गेला. अरुंद हिशेब मात्र तसाच राहिला. 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या ‘आरटीएक्स 5090’चा भार 575 वॅट आहे, आणि प्लग तोच.

केबलीच्या दुसऱ्या टोकाला तर अजून 1981 च चालू आहे. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये कार्डाकडचे टोक ठरलेल्या आकाराचे असते. एसएमपीएसकडच्या टोकाला सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या पेटीत अगदी घट्ट बसते, क्लिक असा आवाजही करते, आणि आत 12 व्होल्टच्या जागी भलतीच तार असू शकते. पूर्वी निदान काळी तार पाहून ओळखता येत असे. हल्लीच्या केबलींत सगळ्याच तारा काळ्या असतात.