कडेवरच्या बाळासकट

कुणी भाकरी थापत, कुणी कांद्याच्या चाळीत बसून आमचं बोलणं ऐकत असाल. आज बोलायचंय मुलांच्या सुट्टीतल्या वर्गाबद्दल. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

मागच्या मे महिन्यात आमच्या ग्रामसंघानं समाजमंदिरात पंधरा दिवसांचं सुट्टी शिबिर घेतलं. सकाळी दहा ते एक. चित्रं, गाणी, कागदकाम, शेवटच्या दिवशी नाच. रंगपेट्या आणल्या, दारावर फ्लेक्स लावला. नियम एकच केला, सहा वर्षांच्या आतलं मूल आणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. आम्ही म्हणालो, "बाळाला घरी ठेवून ये गं." ती गेली, ती परत आलीच नाही. आम्ही हजेरी घेत होतो, पण जे मूल आलं नाही त्याच्या घरी कुणी जायचं हे ठरवलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी गटातल्या एका ताईला ही दोघं शेततळ्याच्या काठावर दिसली. पोरगी बाळाचं झबलं धूत होती आणि बाळ कागदावर बसलं होतं. शेततळ्याचा तो कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताईनं हाक न मारता हळूच जाऊन बाळाला उचललं. काही झालं नाही. पण त्या रात्री बैठकीत बराच वेळ कुणी बोलेना.

मग हिशेब केला. त्या मुलांची आई कांदा काढायला सकाळी सातला जाते, पाचला येते. आमचं शिबिर दहाला उघडायचं आणि एकला बंद व्हायचं. शाळेला सुट्टी, म्हणजे शाळेची खिचडीही बंद. आम्ही वेळ धरली होती ती आमच्या सोयीची.

त्यानंतर आम्ही वाचनालयातून जुनी पुस्तकं आणून वाचली. या वाटेनं आपल्या आधी कोण गेलं होतं, ते शोधलं. सापडलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट लांबची आहे, पण पुढचा धागा तिथूनच येतो. इटलीत रोम शहरात सान लोरेन्झो नावाची गरीब वस्ती होती. आईबाप कामाला गेले की मुलं दिवसभर जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. इमारतींच्या मालकांना भिंती वाचवायच्या होत्या, म्हणून त्यांनी मुलांसाठी एक खोली दिली आणि मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंना बोलावलं. 6 जानेवारी 1907 ला ते बालगृह सुरू झालं. आज शहरात ज्या नावानं महागड्या शाळा चालतात, त्या पद्धतीचा जन्म कामकरी बायकांची मुलं सांभाळताना झाला.

तो विचार आपल्याकडे आणणाऱ्यांत गिजुभाई बधेका होते. त्यांनी 1920 मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्यासोबत काम करायला गेल्या आपल्या ताराबाई मोडक. 1892 चा जन्म आणि 1914 च्या बी. ए. त्या काळात बाईनं बी. ए. होणं म्हणजे काय, ते आमच्यातल्या बी. ए. झालेल्या पोरींनी मनात आणून बघावं! 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. काम नावारूपाला आलं. पण येणारी मुलं मुख्यतः शिकल्यासवरल्या घरांतली होती, आणि ते त्यांना टोचत होतं.

म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच लग्न, बालपणीच वैधव्य, मग शिकून पुण्यात शिक्षिका. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आमच्याच वयाच्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. या बायकांनी आईबापांना नावं ठेवली नाहीत. मुलं आपल्याकडे येत नाहीत तर आपण त्यांच्याकडे जाऊ, असं म्हणून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. अंगणात भरते ती अंगणवाडी. हा शब्द सरकारी वाटतो ना आपल्याला? तो तिथे, शेणानं सारवलेल्या अंगणात तयार झाला.

तिथे पहिलं काम शिकवण्याचं नव्हतं. हातपाय धुणं, आंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं, हे आधी. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं यांच्यावरच मोजणं नि रंग ओळखणं चालायचं. आम्ही रंगपेट्यांवर खर्च केला होता आणि हात धुवायला साबण ठेवायला विसरलो होतो.

1957 मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे त्यांना नेमकी आमच्या दारात उभी राहिली होती तशीच मुलगी भेटली. मोठी बहीण शाळेत येईना, कारण धाकटं तिच्या कडेवर. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात, आणि तिघं एकमेकांच्या नजरेत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर वर्ग कुरणात नेला, तिला कुरणशाळा म्हणत.

या दोघींनी मुलाचं ओझं आधी पाहिलं आणि मग वर्गाची जागा, वेळ, रीत ठरवली. आम्ही वर्ग आधी ठरवला आणि मुलीला म्हणालो, ओझं घरी ठेवून ये.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पण ती सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. सातआठ वर्षांच्या मुलांचं सुट्टीत काय, हा प्रश्न गावावरच राहिला. आणि सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टाचं मोल अजून मानधनावरच चाललंय. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही 2022 मध्ये. म्हणून आमच्यातल्या एकीनं जेव्हा सुचवलं, "अंगणवाडीच्या ताईंनाच सांगू, त्या बघतील," तेव्हा आम्ही नाही म्हणालो. फुकटचं काम दुसऱ्या बाईच्या गळ्यात घालून आपली सोय करायची नाही.

या मे महिन्यासाठी आमचं असं ठरलंय. वर्ग सकाळी साडेसहाला उघडेल आणि शेवटची आई परत येईपर्यंत बंद होणार नाही. धाकटी भावंडं येतील, त्यांच्यासाठी खोलीत दोन झोळ्या बांधू. बाराएक मुलांमागे एक बाई, आणि अगदी लहानग्यांसाठी आणखी एक वेगळी. तिघींना रोज मिळेल, थोडं आयांच्या वर्गणीतून, थोडं ग्रामसंघाच्या निधीतून. दर दोन तासांनी डोकी मोजायची. नाव लागलेलं मूल आलं नाही तर तासाभरात कुणीतरी त्याच्या घरी जायचं. पाणी, साबण, दुपारची खिचडी आधी, रंगपेट्या नंतर. मूल न्यायला कोण येणार ते वहीत लिहिलेलं असेल, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मूल द्यायचं नाही.

वर्गणी किती, यावर अजून वाद चालू आहे. रोजानं जाणाऱ्या बाईला दिवसाला दहा रुपयेही जड जातात, आणि कमी घेतले तर तिघींचं रोज निघत नाही. तुमच्या गावात कुणी हा हिशेब जमवला असेल तर केंद्रावर येऊन सांगा, किंवा गटाच्या बैठकीत निरोप पाठवा.

त्या मुलीच्या घरी आम्ही परवा जाऊन आलो. यंदा बाळाला घेऊनच ये, म्हणून सांगितलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग विचारलं, "त्याला भूक लागली तर?" आम्ही म्हटलं, त्याच्यासाठी मऊ भात असेल. येते म्हणालीय.

बरं तर, पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.