मोटारीची उंची व तिची स्प्रिंग

चारी चाकांना इंजिनाची शक्ति पुरविणारी मोटार बाळगणाऱ्या तरुण मालकाला बहुधा एक हौस असतेच. गाडी जमिनीकडे दोन बोटें खालीं आणावी, म्हणजे ती डौलदार दिसेल आणि वळणावर घट्ट बसेल, असें त्याला वाटतें. त्यासाठीं दुकानदार त्याच्यापुढें दोन वस्तू मांडतो. एक, मूळच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवरच बसविण्याची आंखूड व थोडी ताठ स्प्रिंग. दुसरी, आटे पाडलेल्या नळकांड्यावर स्प्रिंग चढविलेली आणि कडें फिरवून उंची कमीअधिक करतां येईल अशी जोडणी. तिला कॉइलओव्हर म्हणतात. पहिली स्वस्त, दुसरी महाग. परंतु ही निवड केवळ पैशाची नाहीं. तिच्यामागें साडेतीनशें वर्षांचा अनुभव उभा आहे, आणि तो ध्यानांत घेतला म्हणजे प्रश्न पुष्कळसा सोपा होतो.

स्प्रिंगवर जितका भार अधिक तितकी ती अधिक दबते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १८०४ सालीं लंडनच्या ओबाडाया एलियट या गाडीकारागिरानें लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें, आणि घोडागाडी वजनानें हलकी व बैठकीस सुखाची झाली. पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या या कमानी पहिल्या मोटारींनीं जशाच्या तशा उचलल्या. पाट्यांत एक गुण न मागतां मिळाला होता. दबतांना ते एकमेकांवर घासत, आणि त्या घर्षणानें गाडीचें हिंदकळणें लवकर थांबे. वेटोळ्याची स्प्रिंग वजनाला हलकी व चालीला मऊ खरी, पण तिच्या अंगीं हें घर्षण जवळजवळ नाहींच. एकदां दबली कीं ती वरखालीं नाचत राहते. म्हणून तिला आवरणारा जोडीदार लागला, आणि तेलानें भरलेला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर तिच्या शेजारीं आला.

हे दोघे एकत्र नांदले पाहिजेत, ही गोष्ट कुशल रचनाकारांनीं फार लवकर ओळखली. १९२२ सालीं इटलींतील लान्चिया कंपनीनें ‘लाम्ब्डा’ नांवाची गाडी दाखविली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाशीं स्प्रिंग व तेलाचा रोधक एकाच नळींत बसविलेले होते. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनिअरनें स्प्रिंग, रोधक आणि चाक वळण्याचा आंस या तिन्ही गोष्टी एकाच खांबांत आणल्या. १९५० सालीं इंग्लंडांत पुढें आलेल्या फोर्ड कॉन्सल गाडीनें तो खांब सर्वतोमुखीं केला. तेव्हां कॉइलओव्हर ही शर्यतवाल्यांची अलीकडची लहर नव्हे. जुन्याच संसाराला आटे आणि कडें यांची जोड मिळून ती सिद्ध झाली आहे.

चारी चाकें ओढणाऱ्या गाडीचा इतिहासही असाच लांबचा आहे. हॉलंडांतील स्पायकर बंधूंची अशी गाडी १९०३ सालची. १९६१ सालीं औल्टन पार्क येथें ओलसर रस्त्यावर स्टर्लिंग मॉस यानें ‘फर्ग्युसन पी ९९’ गाडी पहिली आणली. अशा रचनेच्या गाडीनें जिंकलेली ती फॉर्म्युला वनमधील एकमेव शर्यत. १९६६ सालची ‘जेन्सन एफएफ’ ही ऐटबाज गाडी सुमारें ३२० च निघाली. खरी क्रांति झाली ती बर्फांत. १९७७ च्या हिवाळ्यांत फिनलंडमध्यें ‘इल्टिस’ ही साधी लष्करी गाडी तिच्याहून बळकट गाड्यांना मागें टाकते, हें आउडी कंपनीच्या योर्ग बेन्सिंगर यांनीं पाहिलें. १९८० च्या मार्चमध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ‘क्वात्रो’ उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षीं मिशेल मूतों हिनें इटलींतील सान रेमोची रॅली तिच्यांतून जिंकली. जागतिक रॅलीस्पर्धेंतील फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री.

सान रेमोचा मार्ग त्या वेळीं कांहीं डांबरी आणि कांहीं खडीचा असे. खडीवर गाडी उंच, मऊ व चाकाला भरपूर हालचाल देणारी हवी. डांबरावर ती खालीं व ताठ हवी. एकाच गाडीला दोन रूपें घ्यावीं लागत, म्हणून उंची बदलणें ही तेथें गरज होती. १९९२ सालीं सुबारूची ‘इम्प्रेझा’ आली, १९९५ सालीं कॉलिन मॅक्रे तिच्यावर जगज्जेता झाला, आणि तिच्या बहिणी सामान्य गिऱ्हाइकांच्या दारीं उभ्या राहिल्या. गरज रॅलींतच राहिली. हौस मात्र घरोघर पोंचली.

आतां गाडी खालीं येते तेव्हां काय घडतें तें पाहावें. पहिली गोष्ट, चाकाला वर सरकण्यास उरलेली जागा घटते. खड्डा किंवा उंचवटा आला कीं खांब रबरी ठोकळ्यावर आपटतो, आणि त्या क्षणीं स्प्रिंग जणूं नाहींशीच होते. दुसरी, मॅक्फर्सनच्या रचनेंत खालचा दांडा आडवा असावयाचा तो उलट्या बाजूस कलतो. ज्या बिंदूभोंवतीं गाडी वळणावर कलते तो बिंदु गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षां अधिक झपाट्यानें खालीं उतरतो. अति खालीं आणलेली गाडी कलण्यास अधिकच प्रवृत्त होते, ती यामुळें. तिसरी गोष्ट खास या जातीच्या गाडीची. तिच्या चारी चाकांकडे शक्ति नेणारे शाफ्ट असतात; त्यांचे कोन वाढले म्हणजे दोन सांध्यांऐवजीं चारी बाजूंचे सांधे झिजतात. आणि जें चाक जमिनीवरून उचललें जातें तें नुसतें फिरतें. साध्या डिफरेन्शिअलची गाडी मग तिच्या सर्वांत दुबळ्या चाकाइतकीच बळकट राहते. ज्या पकडीसाठीं ही गाडी घेतली, तीच अशा वेळीं हातची जाते.

या हिशेबानें दोन्ही वस्तूंचें मोल ठरतें. स्प्रिंग ताठ केली तर रोधही वाढवावा लागतो, पण तो तितक्याच प्रमाणांत नव्हे. स्प्रिंग चौपट ताठ झाली तर रोध दुप्पट पुरतो. वीस टक्के ताठ झाली तर सुमारें दहा टक्के वाढ हवी. म्हणून पंचवीस-तीस मिलिमीटर खालीं आणणारी सौम्य स्प्रिंग मूळच्या निरोगी शॉक-अ‍ॅब्सॉर्बरशीं निभावून जाते. तो लाखभर किलोमीटर चालून थकलेला असेल, तर मात्र नवी स्प्रिंग त्याचें उरलेलें आयुष्य झपाट्यानें संपविते, आणि स्वस्त सौदा महाग पडतो.

कॉइलओव्हरमध्यें स्प्रिंग व रोधक एकमेकांसाठींच घडविलेले असतात, हा तिचा मोठा गुण. उंची ठरवितांना वरचें कडें न दाबतां खालचा भाग फिरवून लांबी कमी करण्याची सोय जिच्यांत असते, तिच्यांत खांबाची स्वतःची चाल तरी शाबूत राहते. परंतु हें स्वातंत्र्य जबाबदारीसह येतें. चार कडीं चार हातांनीं चार प्रकारें फिरविलीं, तर तिरप्या दोन चाकांवर भार अधिक व उरलेल्या दोहोंवर कमी पडतो, आणि हलकें चाक घसरूं लागतें. वजनकांट्यावर चारी चाकांचा भार मोजून व त्यांची दिशा पुन्हां जुळवूनच तें काम पुरें होतें. शिवाय उघड्या आट्यांत चिखल व मीठ बसून गंज चढतो, तो वरचेवर साफ करावा लागतो.

ज्याला एकदांच थोडी उंची कमी करून रोजच्या रस्त्यावर चालावयाचें आहे, त्यानें चांगली स्प्रिंग व निरोगी रोधक घ्यावा. ज्याला डांबरी शर्यतीच्या वाटेवर गाडी न्यावयाची आहे आणि जो मोजमापाचा कंटाळा करीत नाहीं, त्यानें कॉइलओव्हर घ्यावी. दोघांनींही एक गोष्ट विसरूं नये. पाट्यांच्या कमानीपासून क्वात्रोपर्यंत प्रत्येक सुधारणेचा हेतु एकच होता: चाक जमिनीला चिकटून राहावें. गाडी किती खालीं आली हें पाहणाऱ्याला दिसतें. चाक जमिनीवर राहिलें कीं नाहीं हें पावसाळी वळणावर चालविणाऱ्याला कळतें.