रेडिओ दीर्घिकांची वस्ती

कामगार ओळखावयाचा तर आम्ही आधी त्याची वस्ती पाहतो. आकाशातील रेडिओ दीर्घिकांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना ही वाट सापडावयास बरीच वर्षे लागली.

१९४६ साली इंग्रज लष्कराच्या रडारतज्ज्ञांना हंस तारकासमूहात रेडिओ लहरींचा एक जोरदार उगम सापडला. जेनिसन आणि आपले बंगालचे दासगुप्ता यांनी १९५३ साली दाखविले की, या लहरी दोन वेगवेगळ्या ढगांतून येतात. दीर्घिकेच्या गाभ्यातून दोन बाजूंना विद्युत्कणांचे झोत सुटतात व दूर जाऊन फुगतात, हे पुढे कळले.

भोवतालाचा विचार मागाहून आला. १९६८ साली केंब्रिजच्या राइल व विंड्रम यांना ययाती समूहातील काही दीर्घिकांना एकाच बाजूला शेपट्या दिसल्या. शेजारची बडी दीर्घिका वारा सोडून त्या उडवीत असावी, असा त्यांचा तर्क. (बड्याकडे बोट दाखविणे आमच्याही धंद्यात चालते!) १९७२ साली हॉलंडमध्ये निराळा उलगडा झाला. लातूरला येणारी बार्शी लाइटची जुनी गाडी आठवा. वारा पडलेला असला तरी इंजिनाचा धूर मागेच पडे, कारण गाडी हवेतून धावत असे. तशीच दीर्घिका तप्त वायूतून धावते. दीर्घिकासमूहांत असा कोट्यवधी अंश तापलेला वायू खरोखरच भरला आहे, ही साक्ष १९७० साली सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाने दिली.

शेपटीचा जुना भाग थंडावत जातो; तो लांब लहरींतच दिसतो. अशा लांब लहरी टिपण्यासाठी गोविंद स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात बारीक तारेच्या जाळीच्या, ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. सप्तर्षींच्या दिशेच्या एका दीर्घिकेची सुमारे ३० लाख प्रकाशवर्षे लांब शेपटी या दुर्बिणीने न्याहाळली आहे. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद, हे ध्यानी घ्यावे.

पण मोबाइलचे मनोरे व यंत्रांच्या ठिणग्या यांच्या गोंगाटात हे क्षीण स्वर बुडतात; म्हणून त्या परिसरात कारखान्यांवर सरकारी निर्बंध आहेत. आम्हाला ते मान्य आहेत, मात्र तिथल्या तरुणांच्या रोजगाराचा हिशेबही त्याच टेबलावर झाला पाहिजे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०२३ साली मंजुरी मिळाली. तिला जमिनीची शांतता लागते. तो हिशेब मांडावयाची पाळी आता मराठवाड्याची आहे.